मोंढ्यातल्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव मराठीत छापायचंय, स्क्रीन आणि प्रिंटर दोन्ही ऐकंनात

मोंढ्यातला_मिस्त्री, उदगीर
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. उदगीरच्या मोंढ्यात काही आडत दुकानांच्या कॉम्प्युटरची देखभाल माझ्याकडं आहे. एका दुकानात फार जुना फॉक्सप्रोचा प्रोग्राम होता, शेतकऱ्यांची नावं सगळी इंग्रजीत. मालकांना आता हिशेबपट्टीवर नाव आणि गाव मराठीत पाहिजे, आणि त्यांचं खरं आहे. इंग्रजीत काळे आणि काले एकच होतात. जळकोट, नळेगाव, हाळी, सगळ्या गावांचा ळ गेला. सोयाबीनच्या हंगामात एका काल्यांचे पैसे काळ्यांच्या खात्यावर चढले आणि दुकानात लई बोंबाबोंब झाली.

भाच्यानं पायथनमध्ये नवा प्रोग्राम लिहून दिलाय. लिनक्सवर, टर्मिनलमध्येच चालतो. माऊसवालं काही नको, कारण मुनीमजींची बोटं कीबोर्डवर जशी पळतात तशी माझीसुद्धा पळत नाहीत, आणि आवक जोरात असली की माऊस शोधत बसायला वेळ कुणाला. पुढं मात्र घोळ सुरू होतो. मशीन चालू केल्यावर जी साधी काळी स्क्रीन येते तिच्यावर मराठीच्या जागी नुसते चौकोन. डेस्कटॉप उघडून त्यातल्या टर्मिनलमध्ये चालवलं तर अक्षरं दिसतात, पण नाव लांबलं की पुढचे वजन-भावाचे रकाने नागमोडी. आणि प्रिंटर तर कहरच करायलाय. नावाच्या जागी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट असलेला एन, मग काहीतरी भलतंच, परत अल्फा, परत एन.

प्रिंटर चोवीस पिनांचा डॉट मॅट्रिक्स आहे, कागद तीन प्रतींचा कार्बनवाला. त्यामुळं लेझर घ्या म्हणू नका.

खुरपं, जालना
सोमवार, रात्री ९:५२

लेझर घ्या.

(पळतो.)

पिनकोड_४३१, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, रात्री १०:२५

मिस्त्री, अल्फा आणि लाटवाला एन दिसतोय म्हणजे डेटा ठणठणीत आहे, तेवढी काळजी सोडा. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं साठवायची आजची पद्धत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) कायम ई०, दुसरा ए४ नाहीतर ए५. तुमच्या प्रिंटरला यूटीएफ-८ म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्या रॉममध्ये, म्हणजे आतल्या पक्क्या मेमरीत, कोणत्या बाइटला कोणतं अक्षर याचा कोड पेज ४३७ नावाचा जुना तक्ता आहे, आणि त्या तक्त्यात ई० ला अल्फा, ए४ ला लाटवाला छोटा एन, ए५ ला लाटवाला मोठा एन. तो बिचारा आलेला एकेक बाइट इमानदारीत छापतोय.

रॉममध्ये देवनागरी नाही, आणि असती तरी भागलं नसतं. रोमन अक्षर एकापुढं एक ठेवलं की झालं. आपल्याकडं "किसन" मधली वेलांटी साठवताना क च्या नंतर येते आणि दिसते आधी. "सूर्यवंशी" तला रफार साठवताना य च्या आधी आणि दिसतो य च्या डोक्यावर. ही मांडणी कुणीतरी करावी लागते. ती करण्याएवढी अक्कल टेक्स्ट मोडमधल्या प्रिंटरला नसते. म्हणून अक्षर कॉम्प्युटरनंच काढायचं आणि प्रिंटरला फक्त ठिपके द्यायचे. कसं ते उद्या सविस्तर लिहितो, आज लाइटचा भरवसा नाही.

दप्तरी_जुना, बीड
मंगळवार, सकाळी ६:५०

मी सरकारी कचेरीत होतो, आता निवृत्त. तुमचा प्रश्न वाचून नव्वदीचं दशक आठवलं, कारण तेव्हा हा प्रश्न सुटलेला होता! पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड यायचं. तंत्र मूळचं आयआयटी कानपूरचं, १९८८ मध्ये सी-डॅक निघाल्यावर पुण्यात आलं. हे कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं आणि डॉसमधल्या साध्या प्रोग्रामात, डीबेस असो का फॉक्सबेस, मराठी उमटायचं. प्रोग्रामला पत्ताही नसायचा. जोडाक्षर जुळवणं, वेलांटी पुढं आणणं, सगळं कार्ड बघायचं. युनिक्सवाल्यांसाठी वेगळं जिस्ट टर्मिनल होतं.

आणि साठवण इस्कीमध्ये. भारतीय मानक १३१९४, सन १९९१. एका चिन्हाला एक बाइट. "ज्ञानेश्वर" ची चिन्हं मोजा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, दहा बाइट. वीस बाइटच्या रकान्यात आरामात. शिवाय सगळ्या भारतीय लिप्यांना तेच कोड, त्यामुळं मराठीत टाकलेली यादी लिपी बदलून तेलुगूत बघता यायची. देगलूर-बिलोलीकडच्या लोकांना याची किंमत कळेल.

आता तीस वर्षांनी चौकोन आणि अल्फा बघायची वेळ यावी, याला प्रगती म्हणायचं का?

तेरणाकाठ, मूळ धाराशिव, मुक्काम पुणे
मंगळवार, सकाळी ९:१५

दप्तरीकाका, युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता, त्यातली देवनागरीची रांग इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे तुमचं काम वाया गेलेलं नाही. पण कार्ड म्हटलं की ते कार्ड असलेलं मशीन पाहिजे. युनिकोडमधलं नाव मुनीमजींच्या पीसीवर, मालकांच्या मोबाइलवर आणि बँकेच्या फॉर्ममध्ये तेच राहतं.

मिस्त्रीदादा, स्क्रीनचं मी सांगते. ती पहिली साधी काळी स्क्रीन सोडूनच द्या. लिनक्सच्या त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरजुळणी तर नाहीच. तिथे देवनागरी नीट आणण्याच्या खटपटीत लोकांनी रात्री घालवल्या आहेत, तुम्ही घालवू नका. हलका डेस्कटॉप टाका, चालू झाल्याबरोबर टर्मिनल पूर्ण पडदाभर उघडेल अशी सोय करा, मुनीमजींना फरक कळणारही नाही. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलांपैकी केडीईचं कॉन्सोल किंवा एमएलटर्म वापरून बघा, जोडाक्षरांच्या बाबतीत दोन्ही बरे आहेत.

रकाने नागमोडी होण्याचं कारण वेगळं आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी. प्रत्येक चिन्हाला एक चौकट, नाहीतर दोन, नाहीतर शून्य. "क्षेत्र" हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं. पायथनला लांबी विचारली तर ७, बाइट मोजले तर २१. टर्मिनल चौकटी मोजतं तेव्हा हलन्त आणि मात्रा यांना शून्य धरतं, उरलेल्या क, ष, त, र यांच्या चार. एकाच शब्दाची चार उत्तरं! भाच्यानं नावाच्या पुढे जागा सोडताना बहुतेक पायथनची लांबी वापरली आहे. ती चौकटींच्या हिशेबाशी जुळत नाही. त्यासाठी डब्ल्यूसीविड्थ नावाची छोटी लायब्ररी मिळते, ती वापरायला सांगा. तरी फॉन्ट आणि टर्मिनलप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतंच. माझा अनुभव असा की जागा भरत बसूच नये. कर्सरला थेट "या ओळीत रकाना ४५" असं सांगून आकडा लिहावा. आणि जमलं तर नाव-गाव ओळीच्या शेवटी ठेवावं. शेवटचा रकाना कितीही वाकडा गेला तरी त्याच्या पुढे ढकलायला कुणी नसतं.

अजून एक. बॅकस्पेस मारल्यावर अक्षर अर्धवट पुसलं जाऊन कचरा राहतो का? राहत असेल तर "एसटीटीवाय आययूटीएफ८" ही आज्ञा देऊन बघा. ती नसली की टर्मिनल तीनपैकी एकच बाइट पुसतं.

मोंढ्यातला_मिस्त्री
मंगळवार, दुपारी १:३०

ताई, बॅकस्पेसचा त्रास होताच, मी मुनीमजींच्या बोटांना दोष देत होतो. आज्ञा दिली, गेला.

आता एक विचित्र प्रकार. काही नावं शेवटी कापली जाऊ लागलीत. "ज्ञानेश्वर" चं "ज्ञाने" आणि पुढं एक काळा प्रश्नचिन्हवाला चौकोन.

तेरणाकाठ
मंगळवार, दुपारी १:४८

जुन्या रकान्याची वीसची मर्यादा भाच्यानं नव्यात बाइटमध्ये आणली आहे. दप्तरीकाकांचे ते दहा बाइट यूटीएफ-८ मध्ये तीस होतात. वीस बाइटमध्ये सहा चिन्हं पूर्ण बसतात, म्हणजे "ज्ञाने", आणि श चे दोन तुकडे. ते दोन तुकडे म्हणजे तो चौकोन. मर्यादाच काढून टाका. कागदावर जागा कमी पडली तर छापताना अक्षर लहान करा, साठवताना नाव कापू नका.

गोदाकाठची_पोर, नांदेड
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

मी सेवा केंद्र चालवते, दिवसभर मराठी टायपिंगच असतं. मिस्त्रीदादा, मुनीमजी नाव टाकतात कसं? कोणता कीबोर्ड?

मोंढ्यातला_मिस्त्री
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मुनीमजी इंग्रजी स्पेलिंग टाकून मराठी उमटवतात. त्यांचा मुलगा मात्र टायपिंगची मराठी ३० ची परीक्षा पास झालाय, त्याची बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांवर बसलेली. दोघं एकाच मशीनवर.

गोदाकाठची_पोर
मंगळवार, संध्याकाळी ७:५५

मग दोघांना वेगवेगळा लेआउट द्या, लिनक्समधल्या आयबस या टायपिंगच्या प्रोग्रामात एका कळीवर बदलतो. रेमिंग्टनवाल्याला जबरदस्तीनं इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) शिकवायला जाऊ नका, हंगामात तर नाहीच. नवीन पोरगं ठेवलं तर त्याला मात्र पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, लवकर बसतं.

पण खरी भानगड "शेतकऱ्याचे नाव" या शब्दातच आहे बघा. तो ऱ्य लोक दोन तऱ्हेनं टाकतात. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे ची कळ मारली की हा ऱ येतो. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. माझ्याकडं एका कऱ्हाडे आडनावाच्या बाईंचा अर्ज आठवडाभर "सापडत नाही" म्हणून पडून होता, कारण टाकणाऱ्यानं एका तऱ्हेनं टाकलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या. नाव साठवताना दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्यायची, एवढी एक ओळ भाच्याला लिहायला लावा. "ॲ" चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन काढायचे.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे र-हलन्त-य सरळ टाकून "शेतकर्याचे" छापणं. ते तर छापीलच चुकतं, डोक्यावर रफार बसतो.

शाईघर, परभणी
मंगळवार, रात्री ९:३०

आमचा छापखाना आहे, लग्नपत्रिका मराठी आणि उर्दू दोन्ही. मिस्त्रीभाऊंना एक इशारा. मालक म्हणतील की आधी डीटीपीवाल्याकडून शेतकऱ्यांची मराठी यादी करून घेतली होती, तीच घाला. घालायच्या आधी बघा ती कशात आहे. जुन्या फॉन्टमधली यादी म्हणजे मराठीचा मुखवटा घातलेली इंग्रजी. कृतिदेवमध्ये "मराठी" टाकलं तर आत खरं साठलेलं असतं ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट काढून टाका, मुखवटा गळून पडतो. वेलांटीही टाइपरायटरसारखी आधी साठलेली असते, ती उचलून व्यंजनाच्या मागं न्यावी लागते. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि एकच फाइल दोन फॉन्टांत मिसळलेली असली की मग कुणाचा बाप आला तरी हातानंच बघावं लागतं.

उर्दूचं आमचं दुखणं याहून मोठं. उजवीकडून डावीकडं, आणि नस्तलीक तिरकं उतरत जातं, जाळीच्या चौकटीत बसायचा प्रश्नच नाही. पत्रिकांना आम्ही अजून इनपेज हा उर्दूचा प्रोग्रामच वापरतो. निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडीतले कागद शोधायला २०२३ पासून मराठवाड्यात सगळीकडं धावपळ झाली, तेव्हा लोक विचारत यायचे की हे टाइप करून मिळेल का. वाचणारा मिळाला तर टाइप करू म्हटलं.

बालाघाट, अंबाजोगाई
बुधवार, सकाळी ८:१०

एवढी डोकेफोड कशाला? थर्मल प्रिंटर घ्या की. आमच्या किराणा दुकानात ८० मिलिमीटरचा आहे. रुंदीला ५७६ ठिपके, टेक्स्टमध्ये ४८ अक्षरं. बिलाचं चित्र करून पाठवायचं, मराठी झकास उमटतं. फॉन्ट तेवढा जाड घ्या, बारीक फॉन्टच्या मात्रा उडतात.

मोंढ्यातला_मिस्त्री
बुधवार, सकाळी ८:४५

भाऊ, तीन प्रती लागतात. थर्मलमध्ये कार्बन कुठून आणू? कार्बनवर उमटायला पिनेचा ठोकाच पाहिजे. आणि थर्मलची पावती शेतकऱ्यानं ट्रॅक्टरच्या टपावर चैत्रातल्या उन्हात ठेवली की संध्याकाळी बघायची सोय नाही. पट्टी लोक वर्ष-वर्ष जपतात.

बालाघाट
बुधवार, सकाळी ९:००

उन्हाचं मान्य. तीन प्रती तीनदा छापता येतील, पण हिशेब बघता रोल परवडणार नाही. बरं, राहिलं.

पिनकोड_४३१
बुधवार, रात्री १०:४०

प्रिंटरचं राहिलेलं लिहितो. दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता: अख्खी पट्टी पीडीएफ करायची आणि ड्रायव्हरमधून छापायची. साध्या मजकुराला पॅप्स नावाचं साधन आहे, ते पँगोकडून अक्षरं जुळवून घेतं. पण मग पूर्ण पान ग्राफिक्समध्ये जातं आणि प्रिंटर रेंगाळतो. मोंढ्यात सौदे संपल्यावर पट्ट्यांची रांग लागते, तेव्हा मुनीमजी तुमच्या नावानं खडे फोडतील.

दुसरा रस्ता मला आवडतो. पट्टीवरचे मथळे, हमाली, तोलाई, एकूण वगैरे, छापखान्यातूनच मराठीत छापून आणायचे. आकडे नेहमीसारखे टेक्स्ट मोडमध्ये, इंग्रजी अंकांत, सरसर. फक्त नाव आणि गाव एवढ्याच पट्ट्याचं चित्र.

चित्र पायथनमध्ये पिलो लायब्ररीनं काढा. ती राक्मसकट (अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी) बसवलेली आहे का ते आधी तपासा. राक्म नसेल तर ती चिन्हं आली तशी एकापुढं एक ठेवते आणि "किसन" ची वेलांटी क च्या मागं लटकते. राक्म असेल तर भाषा "एमआर", म्हणजे मराठी, सांगता येते, मग फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. शाईघर, राक्म उर्दूची उलटी दिशाही सांभाळतं, बघा कधी.

चित्र शुद्ध काळं-पांढरं हवं, करडं अजिबात नको. रिझोल्यूशन १८० ठिपके प्रति इंच. नावाला तीन इंच दिले तर ५४० उभ्या रांगा. चोवीस पिना म्हणजे एका रांगेला तीन बाइट, एकूण १६२० बाइट. आज्ञा अशी: एस्केप, तारांकित चिन्ह, ३९, मग रांगांची संख्या दोन बाइटमध्ये, २८ आणि २, कारण २ गुणिले २५६ अधिक २८ म्हणजे ५४०. मग ते १६२० बाइट.

चोवीस ठिपक्यांच्या उंचीत वरच्या मात्रा, शिरोरेषा, अक्षर आणि खालचे उकार सगळं कोंबलं तर अक्षर फार बारीक होतं. म्हणून ४८ ठिपके घ्या, दोन फेऱ्यांत. मधलं अंतर बरोबर २४/१८० इंच ठेवायचं, एस्केप ३ आणि २४. संपल्यावर एस्केप २ देऊन नेहमीचं अंतर परत. दोन फेऱ्यांत काना मधेच तुटल्यासारखा दिसला तर एस्केप यू १ द्या, डोकं एकाच दिशेनं छापेल. थोडं हळू, पण काना सरळ.

शेवटची ठेच: हे बाइट सीयूपीएसला (लिनक्समधली छपाई सांभाळणारा प्रोग्राम) रॉ, म्हणजे काही न बदलता जसेच्या तसे, म्हणूनच द्या, आणि पायथनमध्ये फाइल बायनरी उघडा. चित्रात कुठंतरी १० हा बाइट येणारच, आणि कुणी त्याला ओळ संपली समजून हात लावला की पुढचं सगळं चित्र कचरा.

दप्तरी_जुना
गुरुवार, सकाळी ६:३०

म्हणजे जिस्ट कार्ड करायचं तेच काम आता भाचा करणार. अक्षर मशीननं काढायचं, प्रिंटरनं फक्त ठोकायचं.

पिनकोड_४३१
गुरुवार, सकाळी ९:२०

अगदी तेच, काका. फक्त साठवण युनिकोडमध्ये.

मोंढ्यातला_मिस्त्री
रविवार, रात्री ८:१५

झालं. भाचा सुट्टीला आला होता, बसून केलं. पहिल्यांदा नाव आठ-आठ ठिपक्यांच्या पट्ट्यांत वर-खाली उलटं आलं, बाइटमधला वरचा बिट वरच्या पिनेचा असतो हे ध्यानात आल्यावर सुलटं झालं. एस्केप यू १ लागलंच. कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर पातळ फॉन्ट उमटंना, जाड घेतल्यावर वाचता यायलंय. पट्टीला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. मुनीमजींनी अजून तक्रार केली नाही, म्हणजे चालतंय.

स्क्रीनवर नाव-गाव शेवटच्या रकान्यात नेलं. ऱ्य ची ओळ भाच्यानं घातली. मुनीमजींचा मुलगा वजनाच्या जागी चुकून मराठी अंक टाकतो, पण पायथन "१२३" सरळ एकशे तेवीस समजतं, तिथं आम्हाला काही करावंच लागलं नाही.

आता यादी अकारविल्हे लावताना काळे हे काले च्या लगेच मागं येतात. मालक म्हणतात ळ तर ह च्या नंतर पाहिजे.

तेरणाकाठ
रविवार, रात्री ८:५०

मालक बरोबर आहेत. नुसत्या कोडच्या क्रमानं लावलं की ळ हा ल च्या शेजारी बसतो. आयसीयू लायब्ररीला मराठीचा क्रम मागा, ती ळ ला ह च्या पुढे नेते आणि क्ष, ज्ञ त्याच्याही नंतर.

जुन्या इंग्रजी नावांचं काय करताय? आपोआप मराठीत उलटवू नका, ळ आणि ण कुठे होते ते त्या स्पेलिंगमध्ये उरलेलंच नाही.

मोंढ्यातला_मिस्त्री
रविवार, रात्री ९:०५

नाही उलटवत. शेतकरी माल घेऊन आला की त्यालाच विचारून मुनीमजी नाव नव्यानं टाकतात, आणि पट्टी छापायच्या आधी स्क्रीनवर त्याला दाखवतात. तुरीच्या हंगामापर्यंत नेहमीची गिऱ्हाईकं होऊन जातील. जी येणार नाहीत त्यांची राहू देत इंग्रजीत.

खुरपं
रविवार, रात्री ९:१०

आता तरी लेझर घ्या.